मेघवनातील पायवाट

उष्ण कटिबंधातील अरण्य म्हटले की, बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सखल, दमट व उकाड्याचे रान उभे राहते. परंतु याच कटिबंधात, समुद्रसपाटीपासून हजार-दोन हजार मीटर उंचीवर, एक निराळ्या प्रकारचे अरण्य आढळते. तेथे उकाडा नसतो. भर दुपारीही अंगावर लोकरी वस्त्र घ्यावेसे वाटते. सूर्यदर्शन क्वचितच घडते, कारण वर्षातील बहुतेक दिवस हे अरण्य ढगांच्या खाली नव्हे, तर ढगांच्या आत असते. अशा अरण्यास मेघवन म्हणतात. जगातील सर्व मेघवने एकत्र केली, तरी ती पृथ्वीवरील भूभागाच्या सुमारे ०.४ टक्केच भरतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. एवढ्याशा जागेत पक्षी, सस्तन प्राणी, उभयचर आणि वृक्षी नेचे यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे १५ टक्के जाती आढळतात. २००१ ते २०१८ या काळात या वनांपैकी सुमारे २.४ टक्के क्षेत्र नष्ट झाले, हेही त्याच पाहणीत नमूद आहे.

मेघवनांपैकी ज्याचा अभ्यास फार बारकाईने झाला आहे, असे एक वन मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात आहे. त्याचे नाव मोंतेवेर्दे. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘हिरवा डोंगर’ असा होतो. कोस्टा रिका हा लहानसा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक षष्ठांशाएवढे आहे. त्याच्या एका बाजूस कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर आणि मधून गेलेल्या डोंगररांगा, अशी त्याची रचना आहे. यांपैकी तिलारान नावाच्या रांगेच्या माथ्यावर मोंतेवेर्देचे वन पसरले आहे. ते विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे दहा अंशांवर येते. तमिळनाडूतील कोडाईकॅनल हे गिरिस्थानही जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे.

हे अरण्य मोटारीतून पाहता येत नाही. पाठीवर हॅवरसॅक घेऊन, पॅसिफिककडील उतारावरून चढून, माथा ओलांडून, पलीकडच्या पेन्यास ब्लांकास नदीच्या खोऱ्यात तीन-चार दिवस पायी उतरणाऱ्या प्रवाशालाच त्याची रचना नीट उमगते. या वाटेवर प्रत्येक दोन-तीनशे मीटर उंचीला झाडे बदलतात, पक्षी बदलतात आणि हवाही बदलते.

डोंगर ढग कसे निर्माण करतो

प्रवासाचा आरंभ होतो तो कोरड्या प्रदेशात. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पॅसिफिककडील पायथ्याची झाडे पाने गाळून उभी असतात, गवत पिवळे पडलेले असते आणि वाटेवर धूळ उडते. माथ्याकडे पाहावे तर तेथे मात्र ढगांची पांढरी किनार दिवसभर हलत नाही. पायथ्याशी दुष्काळ आणि माथ्यावर ओल, हे दृश्य प्रवाशास चमत्कारिक वाटते. त्याचे कारण डोंगराच्या दुसऱ्या बाजूस आहे.

या अक्षांशावर वर्षातील बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. कॅरिबियन समुद्रावरून येताना ते भरपूर बाष्प घेऊन येतात. वाटेत डोंगर आडवा आला म्हणजे हवेला वर चढावे लागते. वर चढलेली हवा प्रसरण पावते व थंड होते. कोरड्या हवेचे तपमान दर १०० मीटर चढणीस सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरते. थंड हवेत बाष्प धारण करण्याची शक्ती कमी असते. म्हणून एका ठराविक उंचीवर पोचताच बाष्पाचे सांद्रीभवन होऊन सूक्ष्म जलकण तयार होतात. हाच ढग होय. ज्या उंचीवर ही क्रिया सुरू होते, तो ढगांचा तळ. हा तळ अरण्याच्या माथ्यापेक्षा खाली असला, म्हणजे अरण्य ढगात राहते. माथा ओलांडून वारा पॅसिफिककडे उतरू लागला की, हवा पुन्हा तापते, ढग विरतात आणि तो उतार पर्जन्यछायेत पडतो. सह्याद्रीच्या बाबतीत नैर्ऋत्य मोसमी वारे हेच कार्य उलट दिशेने करतात. कोकणाची बाजू चिंब भिजते आणि पूर्वेकडील मावळतीच्या सावलीत पाऊस झपाट्याने कमी होतो.

मेघवनाचे अस्तित्व अशा रीतीने एका अदृश्य रेषेवर अवलंबून आहे. ती रेषा खाली-वर सरकली, तर त्याचा परिणाम अरण्यावर झाल्यावाचून राहत नाही. पुढे सांगितलेल्या अनेक गोष्टींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पाणी राखण्यासाठी राखलेले वन

चढणीच्या मध्यावर शेते, कुरणे आणि दुभत्या गाई दिसू लागतात. कोस्टा रिकातील शेतकरी कुटुंबे या उतारांवर पूर्वीपासून राहत होती. १९५०-५१ च्या सुमारास त्यांच्या शेजारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा राज्यातून आलेली सुमारे चाळीस माणसे स्थायिक झाली. ही माणसे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची होती. सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नाव नोंदविण्यास नकार दिल्याबद्दल त्यांच्यापैकी काही तरुणांना तुरुंगवास घडला होता. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपले सैन्यच बरखास्त केल्यामुळे त्यांनी हा देश निवडला.

या वसाहतकऱ्यांनी सुमारे १,४०० हेक्टर जमीन विकत घेतली. बहुतेक जमीन साफ करून त्यांनी गाई पाळल्या आणि पुढे चीज तयार करण्याचा कारखाना काढला. मात्र माथ्याकडील सुमारे एक तृतीयांश जमिनीवरील झाडांना कुऱ्हाड लावायची नाही, असे त्यांनी प्रारंभीच ठरविले. त्यामागे दुर्मिळ पक्ष्यांचा किंवा फुलांचा विचार नव्हता. गावाचे ओढे माथ्यावरील रानात उगम पावतात आणि रान गेले तर ओढे आटतील, एवढे साधे अनुमान त्यांनी केले होते. पुढील संशोधनाने ते योग्य ठरले. १९७२ मध्ये जॉर्ज पॉवेल या तरुण जीवशास्त्रज्ञाने आणि विल्फर्ड गिंडन या वसाहतकऱ्याने पुढाकार घेतला आणि कोस्टा रिकातील उष्णकटिबंधीय विज्ञान केंद्र या संस्थेच्या साहाय्याने मोंतेवेर्देचे राखीव मेघवन स्थापन झाले.

माथ्यापलीकडील लांबच्या वाटेवर जाण्यास परवानगी व वाटाड्या लागतो. सामान थोडे पण विचारपूर्वक घ्यावे लागते. जाणते प्रवासी कपड्यांचे दोनच जोड घेतात. एक चालण्याचा, जो पहिल्या तासात भिजतो आणि शेवटपर्यंत ओलाच राहतो. दुसरा झोपण्याचा, जो मेणकापडात गुंडाळून काहीही झाले तरी कोरडा ठेवायचा. चामड्याच्या जोड्यांवर येथे थोड्याच दिवसांत बुरशी धरते, म्हणून स्थानिक लोक गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरतात. मुक्कामासाठी साध्या लाकडी झोपड्या आहेत. जेवण भात व घेवड्याचे असते, आणि त्यावर ‘आग्वा दुल्से’ म्हणजे उसाच्या गुळाचे गरम पाणी मिळते. ढेपेतून गूळ किसून कढत पाण्यात विरघळविण्याची ही रीत भारतीय प्रवाशास घरची आठवण करून दिल्याशिवाय राहत नाही.

झाडांवर वाढणारे अरण्य

सुमारे १,५०० मीटरांच्या वर पायवाट दाट रानात शिरते. येथील वार्षिक सरासरी तपमान १८-१९ अंश सेल्सिअस असते. प्रथम लक्षात येते ती ही गोष्ट की, झाडाची साल कोठेच दिसत नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक फांदी शेवाळी, दगडफूल, नेचे, आमरे आणि अनेक झुडपे यांनी झाकून गेलेली असते. या वनस्पतींना अपिवनस्पती असे नाव आहे. आपल्याकडे आंब्यावर वाढणारे बांडगूळ झाडाच्या शरीरात मुळे खुपसून त्याचे पाणी व क्षार घेते. अपिवनस्पती तसे करीत नाहीत. त्या झाडाचा केवळ आधार घेतात आणि आपले अन्नपाणी हवेतून, पावसातून व ढगांतून मिळवितात. मोंतेवेर्देच्या परिसरात केवळ आमरांच्याच ४०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील काहींची फुले टाचणीच्या डोक्याएवढी लहान असतात आणि ती पाहण्यास भिंग लागते.

अननसाच्या कुळातील काही वनस्पतींची पाने बुडाशी एकमेकांत घट्ट बसून त्यांचा पेला तयार होतो. त्यात पाणी साठते. जमिनीपासून वीस-पंचवीस मीटर उंचीवरील या चिमुकल्या तळ्यांत कीटकांच्या अळ्या वाढतात आणि बेडूक आसरा घेतात. गळून पडलेली पाने फांद्यांवरील या गाद्यांत अडकून कुजतात व त्यांची काळी, कसदार माती बनते. म्हणजे जमिनीवर एक अरण्य आणि त्याच्या फांद्यांवर दुसरे, अशी येथील स्थिती आहे.

या वरच्या अरण्याचा अभ्यास करणाऱ्यांत नलिनी नाडकर्णी यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म अमेरिकेतला, वडील भारतीय. विद्यार्थिदशेतच त्यांनी गिर्यारोहकांचे दोर वापरून उंच वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत चढण्यास आरंभ केला. अनेक वृक्ष स्वतःच्याच फांद्यांना मुळे फोडतात आणि ती मुळे फांद्यांवर साचलेल्या मातीत पसरवून तेथून पोषण घेतात, असे त्यांना आढळले. हा शोध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अपिवनस्पतींचे हे आच्छादन वृक्षाच्या दृष्टीने निव्वळ ओझे आहे ही समजूत त्यामुळे बदलावी लागली. मोंतेवेर्देत त्यांनी काही फांद्यांवरील आच्छादन मुद्दाम खरवडून काढले आणि ते पुन्हा कसे वाढते याची नोंद ठेवली. वाढ इतकी मंद होती की, कित्येक वर्षांनंतरही फांद्यांना पहिले रूप आले नाही. शेवाळीची एक मूठ उपटण्यास क्षणभर पुरतो; ती भरून येण्यास मात्र वर्षांमागून वर्षे जावी लागतात.

माथ्यावरील बुटके वन

वाट जसजशी माथ्याजवळ जाते, तसतशी झाडे ठेंगणी होत जातात. अगदी कण्यावर, जेथून एका बाजूचे पाणी कॅरिबियन समुद्रास आणि दुसऱ्या बाजूचे पॅसिफिकला मिळते, तेथे वारा एवढा जोराचा असतो की, झाडे पाच-दहा मीटरांपलीकडे वाढतच नाहीत. त्यांच्या फांद्या वाकड्यातिकड्या, पाने लहान व जाड असतात. समोर दरी असते, पण दिसते ती केवळ पांढरी हलणारी भिंत.

पाऊस पडत नसला तरी येथे उभा राहिलेला प्रवासी काही मिनिटांत ओला होतो. ढगातील जलकणांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. ते इतके हलके असतात की खाली न पडता वाऱ्याबरोबर आडवे वाहत जातात. उघड्या माळावरून ते तसेच निघून जातील. परंतु येथे त्यांच्या वाटेत लक्षावधी पाने, नेच्यांची पाती आणि शेवाळीचे तंतू येतात. केसांतून फणी फिरावी त्याप्रमाणे हे रान वाऱ्याला विंचरते. तंतूंना चिकटलेले कण एकत्र येऊन थेंब बनतात, थेंब शेवाळीच्या गादीत मुरतात आणि तेथून सावकाश जमिनीकडे झिरपतात. पर्जन्यमापकाचे तोंड आभाळाकडे असल्यामुळे हे आडवे वाहणारे पाणी त्यात नीट मोजले जात नाही. या पाण्याचे प्रमाण वाऱ्याच्या वेगाप्रमाणे व जागेप्रमाणे बदलते. पण पावसाने ओढ दिलेल्या महिन्यांत त्याचे मोल फार असते. त्यातच ढगांच्या सावलीमुळे बाष्पीभवन कमी होते. खालच्या गावांचे ओढे उन्हाळ्यातही वाहतात ते याच कारणामुळे. अरण्य तोडले तर ढग येतच राहतील, पण त्यांतील पाणी अडविणारी फणी नाहीशी होईल.

सोनेरी भेकाची कथा

याच माथ्यावरील काही चौरस किलोमीटर जागेत, आणि जगात अन्यत्र कोठेही नाही, असा एक भेक राहत होता. क्वेकर वसाहतकऱ्यांना तो ठाऊक होता. १९६४ मध्ये जे सॅव्हेज या प्राणिशास्त्रज्ञाने तो प्रथम पाहिला आणि १९६६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नराचा रंग झगझगीत नारिंगी, सोन्यासारखा आणि एकसारखा होता. कोणी तरी त्याला रंगाच्या डब्यात बुडविले असावे, अशी शंका सॅव्हेजला आली होती. मादी काळसर असून तिच्या अंगावर पिवळ्या कडेचे लाल ठिपके असत. वर्षातील बहुतेक काळ हे भेक जमिनीखाली दडून राहत. एप्रिल ते जून या काळात, पहिल्या जोरदार पावसानंतर, थोडे दिवस ते बाहेर येत आणि झाडांच्या मुळांमध्ये साचलेल्या लहानशा डबक्यांत अंडी घालत.

१९८७ मध्ये मार्था क्रम्प या संशोधिकेने अशा डबक्यांभोवती सुमारे १,५०० भेक मोजले. त्या वर्षी डबकी लवकर आटली आणि बहुतेक अंडी सुकून गेली. १९८८ मध्ये संपूर्ण क्षेत्रात अवघे दहा भेक दिसले. १९८९ च्या मे महिन्यात एक नर दिसला. त्यानंतर आजवर एकही सोनेरी भेक कोणास निश्चितपणे आढळलेला नाही. २००४ मध्ये ही जात नामशेष झाल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने घोषित केले. त्या सुमारास तो भेक एकटाच गेला नाही. मोंतेवेर्देच्या सुमारे ३० चौरस किलोमीटर परिसरातील बेडूक व भेक यांच्या ५० जातींपैकी २० जाती दिसेनाशा झाल्या. त्यांपैकी काही पुढे थोड्या संख्येने पुन्हा सापडल्या. सोनेरी भेक मात्र सापडला नाही.

हे घडले ते तोडलेल्या रानात नव्हे, तर उत्तम राखलेल्या वनात. तेथे कुऱ्हाड चालली नव्हती, शिकार झाली नव्हती. मग कारण काय? या प्रश्नाचा शोध घेताना विज्ञान कसे पुढे सरकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९९९ मध्ये ॲलन पाउंड्स आणि त्यांचे सहकारी यांनी असे मांडले की, १९७० नंतरच्या दशकांत मोंतेवेर्देत धुके नसलेल्या कोरड्या दिवसांची संख्या वाढत गेली आहे. समुद्राचे पाणी अधिक तापल्यामुळे ढगांचा तळ वर सरकत असावा, असे त्यांचे अनुमान होते. खालच्या उतारांवरील टूकनसारखे पक्षी वर येऊन घरटी करू लागले होते, ही गोष्ट त्याच्याशी जुळत होती. २००१ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवून दिले की, कॅरिबियनकडील सखल मैदानातील जंगल तोडल्यामुळे तेथून वर चढणारी हवा अधिक उष्ण व कोरडी होते आणि त्यामुळेही ढग उंचावर तयार होतात. दरम्यान, उभयचरांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म कवकाचा शोध लागला होता. १९९९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि जगात अनेक ठिकाणी बेडकांच्या मोठ्या संहारास ते कारण आहे असे दिसून आले.

२०१० मध्ये आणखी एक पुरावा पुढे आला. उष्ण कटिबंधातील पुष्कळ झाडांत स्पष्ट वार्षिक वलये नसतात. म्हणून संशोधकांनी मोंतेवेर्देतील झाडांच्या लाकडातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे मापन करून मागील सुमारे शंभर वर्षांतील ओल व कोरडेपणा यांचा हिशेब मांडला. त्यात सतत कोरडे होत जाण्याचा कल आढळला नाही. परंतु एल निन्योमुळे आलेला १९८६-८७ चा कोरडा काळ हा शतकातील अत्यंत तीव्र काळांपैकी एक होता, असे दिसले. दुष्काळामुळे ओलसर जागांत दाटीने एकत्र आलेल्या भेकांमध्ये कवकाचा प्रसार झाला असावा, असे आज पुष्कळांना वाटते. कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. एका गोष्टीविषयी मात्र मतभेद नाही. कवक असो, समुद्राचे तापणे असो की मैदानातील जंगलतोड असो, यांपैकी कोणतेच कारण राखीव वनाच्या सीमेवर अडविता येण्यासारखे नव्हते.

उतारावरची वाट

माथा ओलांडून पायवाट पेन्यास ब्लांकासच्या खोऱ्यात उतरू लागते. चिखल वाढतो, ओढे ओलांडावे लागतात, झाडे पुन्हा उंच होतात. ८००-९०० मीटरांपर्यंत आल्यावर हवा उबदार होते आणि विषारी सापांचे भय असल्याने पाऊल पाहून टाकावे लागते. या खोऱ्यात एके काळी शेतकऱ्यांनी साफ केलेल्या जमिनी होत्या. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या मोंतेवेर्दे संरक्षण संघाने त्या विकत घेतल्या आणि तेथे पुन्हा रान वाढू दिले.

मार्च ते जून या काळात चढउतारावर कोठेही ‘क्वेट्झल’ पक्ष्याचे दर्शन होण्याचा संभव असतो. हिरव्या-सोनेरी पिसांचा, तांबड्या पोटाचा हा पक्षी आपल्या सह्याद्रीतील मलबारी कर्णा या पक्ष्याच्या कुळातला आहे. नराच्या शेपटीवरील हिरवी पिसे त्याच्या शरीराहून कितीतरी लांब असतात. प्राचीन मध्य अमेरिकेत त्यांना मोठा मान होता, आणि ग्वातेमाला देशाच्या नाण्यासही याच पक्ष्याचे नाव आहे. क्वेट्झलचे मुख्य खाद्य म्हणजे रानटी अव्होकाडोंची फळे. दालचिनी व तमालपत्र ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातील हे वृक्ष होत. क्वेट्झल फळ सबंध गिळतो, गर पचवितो आणि बी तोंडावाटे टाकून देतो. ते बी मूळ झाडापासून दूर रुजते.

हे वृक्ष निरनिराळ्या उंचीवर निरनिराळ्या महिन्यांत फळतात. जॉर्ज पॉवेल आणि रॉबिन ब्योर्क यांनी काही क्वेट्झलांच्या अंगावर लहानशी रेडिओ-यंत्रे बसवून त्यांचा माग काढला आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विणीचा काळ संपताच पक्षी राखीव वन सोडून पॅसिफिककडील शेतांमधल्या लहान लहान रानांत उतरत आणि पुढे माथा ओलांडून कॅरिबियनकडील उतारावर जात. म्हणजे ज्या वनास क्वेट्झलचे घर समजले जात होते, ते त्याच्या घरातील एक दालन ठरले. त्याच्याबरोबर वाटेत आढळणारा घंटापक्षी हाही असाच स्थलांतर करतो. त्याचा आवाज घणाच्या ठोक्यासारखा दूरवर ऐकू येतो आणि आपल्याकडील तांबट पक्ष्याची आठवण देतो. या शोधानंतर शेतांच्या बांधावरील व ओढ्याकाठच्या राईंकडे पाहण्याची दृष्टी बदलली. शेतकऱ्यांनी वारा अडविण्यासाठी लावलेल्या वृक्षांच्या रांगा पक्ष्यांच्या येण्याजाण्यास उपयोगी पडतात, हेही ध्यानात आले.

मुलांनी विकत घेतलेले अरण्य

खोऱ्याच्या खालच्या टोकाशी पोकोसोल नावाचे तळे आहे. या नावाचा अर्थ ‘थोडे ऊन’ असा असून तो तेथील हवेस साजेसा आहे. तेथवरच्या वाटेचा मोठा भाग ज्या वनातून जातो, त्याचे नाव ‘मुलांचे शाश्वत वन’ असे आहे. हे नाव केवळ कौतुकाने दिलेले नाही. १९८७ मध्ये स्वीडनमधील फागेर्विक या खेड्यातील शाळेत एहा केर्न या शिक्षिकेच्या वर्गात वर्षावनांचा विषय चालला होता. जंगले नाहीशी होत आहेत हे ऐकून मुलांनी विचारले की, आपल्याला ती विकत घेऊन राखता येणार नाहीत का? मोंतेवेर्देत काम केलेल्या शॅरन किन्समन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी शाळेत येऊन तेथील चित्रे दाखविली. मुलांनी खाऊ विकून, नाटुकली करून पैसे जमविले आणि मोंतेवेर्दे संरक्षण संघाकडे धाडले. पहिल्या रकमेत थोडीशीच जमीन आली. परंतु ही वार्ता पसरली आणि ४४ देशांतील मुलांनी त्यात भर घातली. आज हे वन २२,००० हेक्टरांहून मोठे असून कोस्टा रिकातील खाजगी मालकीच्या राखीव वनांत ते सर्वांत मोठे आहे. माथ्यावरील मेघवनास खालच्या उतारांचे जे जोडक्षेत्र हवे होते, त्याचा फार मोठा भाग अशा रीतीने सुरक्षित झाला.

भारतातील मेघवने

भारतातही मेघवने आहेत. निलगिरी, अण्णामलाई आणि पळणी या पर्वतांच्या माथ्यांवर, गवताळ कुरणांच्या मधल्या घळींत, ठेंगण्या सदाहरित झाडांची जी दाट राने आढळतात, त्यांना ‘शोला’ म्हणतात. त्यांच्याही फांद्या शेवाळीने व आमरांनी लगडलेल्या असतात आणि दक्षिणेतील अनेक नद्यांचे उगम त्यांच्या आश्रयाने टिकून आहेत. शोलांभोवतीच्या कुरणांवर गेल्या दोन शतकांत निलगिरी व वॅटल यांच्या परदेशी झाडांची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. माथ्यावरील अरण्याला वर सरकण्यास जागा नसते. त्यामुळे त्याच्या भोवतालची जमीन कशी वापरली जाते, यास विशेष महत्त्व आहे.

सोनेरी भेकाच्या कथेशी जुळणारी एक गोष्ट सह्याद्रीतही आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथील भेकाची एक जात २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी स्वतंत्र म्हणून नोंदविली. तिचे क्षेत्र अत्यंत मर्यादित आहे. पावसाळ्याच्या आरंभी जांभ्या खडकाच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात ती अंडी घालते. मध्येच पावसाने दडी मारली तर खळगे आटून अंडी सुकतात. उभयचरांवरील कवक उत्तर सह्याद्रीतील बेडकांच्या अंगावरही आढळल्याची नोंद २०१३ मध्ये झाली. तेथे त्याने मोठा संहार घडविल्याचे दिसलेले नाही. तरीही सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. हे कवक ओल्या चिखलातून एका ओढ्यापासून दुसऱ्या ओढ्यापर्यंत जाऊ शकते आणि पूर्णपणे वाळल्यावर मरते. म्हणून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाणाऱ्या पदयात्रींनी आपल्या बुटांचा चिखल घासून काढावा, बूट धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि मगच पुढील रानात पाऊल टाकावे. ही सवय लावून घेण्यास काहीच खर्च येत नाही.

डोंगराळ प्रदेशातील शाळांना ढगांच्या पाण्याचा एक सोपा प्रयोग करून पाहता येईल. सारख्या आकाराचे दोन डबे घेऊन ते उघड्या, वारा लागणाऱ्या जागी शेजारी शेजारी ठेवावेत. एक तसाच राहू द्यावा. दुसऱ्याच्या वर बारीक पानांच्या काही डहाळ्या अशा बांधाव्यात की, त्यांवरून ओघळणारे पाणी डब्यातच पडावे. पाऊस नसलेल्या पण दाट धुक्याच्या दिवशी, सकाळी व सायंकाळी, दोन्ही डब्यांतील पाणी मोजावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. अशी नोंद सलग काही वर्षे ठेवली, तर त्या डोंगरावर धुके किती दिवस उतरते आणि ते प्रमाण बदलत आहे की काय, हे त्या शाळेला स्वतःच्या मापनावरून सांगता येईल.